हजेरीरायरांचे सुतक

जिवंत माणसाच्या दुखण्यावर हजेरीरायरांचा काडीचा विश्वास नव्हता. मेलेल्या माणसाला मात्र त्यांनी कधी उलट प्रश्न केला नाही. ताप, दाढदुखी, घरी पाहुणे, गाय व्याली, आजीला कमी दिसते, यांपैकी कुठल्याही कारणाने कुंभकोणच्या आमच्या शाळेत गैरहजर राहिलेल्या पोराच्या दारात दुपारी बाराच्या ठोक्याला त्यांची काळी छत्री दिसायचीच. पण चिठ्ठीत 'वारले' हा एवढा एक शब्द असला, की ते डोळे मिटून हात जोडायचे, चिठ्ठी तारेत ओवायचे आणि विषय संपायचा. हे गुपित शाळेत सर्वांत आधी ज्या पोराला कळले, ते पोर मी. त्या हुशारीचा अभिमान मला वर्षभरसुद्धा पुरला नाही.

ते मास्तर नव्हते, हजेरीचे कारकून होते. गावातली तमिळ माणसे आम्हां मराठ्यांना सरसकट 'रायर' म्हणतात, म्हणून हे हजेरीरायर. खरे नाव कुठल्याशा सरकारी कागदावर असेल. आमचे पूर्वज राजांच्या मागून तंजावरास आले आणि इथेच राहिले. उंबऱ्याच्या आत आजोबांच्या आजोबांची मराठी, उंबऱ्याच्या बाहेर तमिळ. पुण्याचा एक पाहुणा आमचे 'जाहले' आणि 'मजला' ऐकून म्हणाला होता, "तुम्ही लोक जेवताना बखर वाचता की काय?" रायरांची मराठी तर त्या बखरीच्याही आधीची. वर्गात मात्र ते तमिळमध्ये नाव पुकारायचे आणि पोराने ओ दिल्यावर मान वर करून त्याचा चेहरा बघायचे. आवाजावर त्यांनी कधी खूण केली नाही.

तापाच्या बाबतीत त्यांचे एक शास्त्र होते. पोरे उन्हात बसून कपाळ तापवीत, बगलेत कांदा धरीत. रायर घरात आले की कपाळाकडे बघतच नसत. खाली वाकून पायाचा तळवा हातात घेत. "कपाळ खोटं बोलतं," म्हणायचे, "तळव्याला अजून कोणी शिकवलं नाही." तळवा थंड लागला की, "चल, सदरा घाल." मग भर उन्हात पोराच्या डोक्यावर छत्री धरून स्वतः उघड्या डोक्याने त्याला शाळेत आणत. एकदा एक पोर म्हणाले, सदराच नाही. होता तो एकुलता एक धुऊन वाळत घातलेला. रायर त्याच्याबरोबर ओट्यावर सदरा वाळेपर्यंत बसले, त्याला घेऊन आले आणि सकाळपासूनची हजेरी लावली. हेडमास्तरांनी विचारले तेव्हा उत्तर दिले, "सदरा गैरहजर होता. पोर हजरच होतं."

मरणाची चौकशी न करण्याला कारण होते. पटकीच्या एका साली कुणा पोराने वडील वारल्याची चिठ्ठी पाठवली. ते पोर थापाडे म्हणून प्रसिद्ध. रायर तणतणत त्याच्या गल्लीत गेले आणि दुरूनच ओरडले, "बाहेर ये! कुठं आहे तुझा बाप, दाखव मजला!" पोर बाहेर आले. डोके भादरलेले, अंग ओले. त्याने अंगणात बोट दाखवले. तिथे हिरव्या बांबूंची तिरडी बांधणे चालले होते. ही गोष्ट रायरांनी आम्हांला स्वतः सांगितली, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "त्या दिवसापासून मरण खरं की खोटं हे यम बघतो. दिवस किती, एवढं मी बघतो."

आणि दिवस ते फारच बारकाईने बघत. सुतक किती दिवसांचे, हे सांगायला गावातले भटजी पंचांग उघडत. रायर नुसती बोटे मोजत. तंजावर ते नागपट्टणमपर्यंतच्या यच्चयावत मराठी घराण्यांच्या पिढ्या त्यांना तोंडपाठ. मी पहिल्यांदा माझा तिरुवलंचुळीचा मामा मारला, तेव्हा मला वाटले होते दहा दिवस सुटी मिळेल. रायर म्हणाले, "मामा. दीड दिवस. तुझ्या घरी वारले असते तर तीन मिळाले असते." मामाला त्याच्याच घरी मरू दिल्याची मला फार हळहळ वाटली. तिसऱ्या दिवशी मी वर्गात आणि मामा खांद्यावर फणस घेऊन शाळेच्या दारात! रायरांनी त्याला बाक दिला, पाणी दिले, मला बोलावून आणले. त्याच्यासमोर अवाक्षर काढले नाही. तो गेल्यावर मी छडीसाठी मुकाट्याने हात पुढे केला. रायर माझ्या हाताकडे न बघता फणसाकडे बघत म्हणाले, "गेलेला मामा परत आला. चांगलं जाहलं. सर्वांचे येत नाहीत."

शहाण्या पोराने यातून काय धडा घेतला असता? मी एवढाच घेतला, की माणूस मारायचा तो बापाकडचा मारावा आणि शक्य तितका लांबचा मारावा.

मी चौदा वर्षांचा झालो त्या सालच्या ज्येष्ठात मामाच्या वेंकूने नागपट्टणमहून एक जुनी सायकल आणली. तिरुवलंचुळीत सायकल! वेंकूने निरोप पाठवला, "दहा दिवस राहायला ये. अकराव्या दिवशी सायकलवर बसून घरी जाशील." आई मला आठवत नाही इतक्या आधी गेलेली. माझे अप्पा एका वकिलाचे गुमास्ते. ते खटल्यासाठी पंधरा दिवस तंजावरास गेले होते, घराची किल्ली माझ्याच कडोसरीला. असा योग पुन्हा येणार नव्हता. आता फक्त दहा दिवसांच्या सुतकाचा माणूस हवा होता, आणि आमच्याकडे तर सख्खा काका औषधालाही नव्हता. मी देवघरातली पेटी धुंडाळली. तिच्यात आमच्या घराण्याची वंशावळ सापडली. मोडी अक्षरातल्या त्या झाडाच्या एका लांबच्या फांदीला 'नरसिंगराव' असे नाव होते आणि पुढे 'काशीस वास्तव्य' असा शेरा. काशी! तिथून कोण फणस घेऊन येणार? मी अप्पांच्या वळणाने चिठ्ठी लिहिली, की आमचे चुलत चुलत बंधू नरसिंगराव काल काशीस कैलासवासी जाहले, तार आली, सबब चिरंजीवास सुतक आहे.

वंशावळीचा तो कागद रायरांच्या हातचा होता. त्यांचे अक्षर मी रोज शाळेत बघत होतो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आमचे कुंभकोणातले प्रत्येक मराठी घर दुसऱ्याचे काही ना काही लागते, तसे रायरही आमचे काहीतरी लागत, एवढेच मला ठाऊक. नरसिंगरावांच्या शेजारच्या फांदीवर कोण बसले आहे, हे मी बोट सरकवून पाहिले नाही. तिथे रायर होते. नरसिंगराव त्यांचे सख्खे चुलत भाऊ. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रायरांच्या एकुलत्या मुलीचे, सक्कूचे, लग्न होते.

लग्नाचे मला ठाऊक होते. मी पत्रावळी मांडायला जायचा होतो, म्हणजे सायकलवर बसून, असा बेत होता. सुतकी पोराला पत्रावळींजवळ कोण येऊ देईल, हे डोक्यातच आले नाही.

लग्न दोन दिवसांवर आले तरी रायर त्या सकाळी शाळेत आले, कारण हजेरी दुसऱ्या कुणाला नीट घेता येत नाही अशी त्यांची खात्री होती. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवून मी केव्हाच कावेरीच्या काठाने तिरुवलंचुळीच्या वाटेला लागलो होतो. पुढचे मला नंतर अनेकांनी सांगितले. ते सांगताना प्रत्येक जण रायरांना शिव्या देत होता आणि मी मान डोलावीत होतो. रायरांनी चिठ्ठी वाचली, बसल्या जागी डोळे मिटले आणि तसेच नदीवर जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान केले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवक बसायचे होते. ते एकदा बसले असते तर मग जग बुडाले तरी सुतक लागत नाही. माझी चिठ्ठी एक दिवस आधी पोचली.

सगळ्या गावाने त्यांना समजावले. लग्नाचे भटजी म्हणाले, "रायर, मरणाने सुतक लागत नाही, ऐकण्याने लागतं. चिठ्ठीची घडी घाला, चार दिवसांनी उघडा. लग्नघरात सगळे असंच करितात."

"उघडली आणि वाचली," रायर म्हणाले. "आता डोळ्यांची घडी कशी घालू?"

हेडमास्तर स्वतः आले. त्यांनी रस्त्यात उभ्यानेच सांगितले, की ही चिठ्ठी ज्या पोराची आहे, त्याने मागल्या खेपेस जिवंत मामा मारला होता; आधी खात्री करून घ्या. रायर म्हणाले, "तो एकदा खोटं बोलला, म्हणून त्याच्या घरात आता कुणी मरायचंच नाही, असं आहे काय?" तरी बायकोच्या रडण्यापायी ते आमच्या घरापर्यंत गेले. दाराला कुलूप. परत येऊन म्हणाले, "कुलूप आहे. घाटावर गेले असतील." खोटेपणाचा एवढा ढळढळीत पुरावा त्यांनी सुतकाच्या बाजूने मोजला.

तंजावरची वरपक्षाची मंडळी छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, उतरलेली. ज्येष्ठातला तो शेवटचा मुहूर्त. पुढे चातुर्मास, चार महिने लग्न नाही. मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली, तिला नातसून बघायची घाई. मुलाच्या बापाने निरोप दिला, "परवा सकाळपर्यंत वाट बघतो. नाहीतर याच मुहूर्तावर दुसरी मुलगी बघावी लागेल." गावात दुसरी मुलगी होती. कुठल्या गावात नसते?

हे सगळे दुसऱ्या दिवशी दुपारी मला मामाच्या तोंडून कळले. तो बाजाराला कुंभकोणास गेला होता. मी तेव्हा दोन्ही गुडघे फोडून घेऊन ओट्यावर बसलो होतो. सायकल मला अजून वळवता येत नव्हती; मी ती विहिरीपर्यंत सरळ नेई आणि तिथे पडे. मामा म्हणाला, "काय रे, तुझ्या अप्पाला काशीहून तार आली म्हणे. तू बोलला नाहीस?"

इथे खरे सांगायची पहिली संधी होती. मी म्हणालो, "मलाही आत्ताच कळतंय."

"अरे, म्हणजे तुजलाही सुतक!" मामी आतून ओरडली. "आणि दोन दिवस हा माझ्या लोणच्याच्या बरणीत हात घालतोय!"

मग त्या घरात जो गोंधळ झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. लोणचे गाईच्या गोठ्याकडे फेकले गेले. मला कपड्यांसकट विहिरीवर बसवून दहा घागरी डोक्यावर ओतल्या. भांडी, पाट, झोपाळा, सगळ्यांवर गोमूत्र शिंपडले. वेंकूने रडत रडत सायकलही धुतली; मामी शेजारी उभी राहून सांगत होती, "चाकाच्या आतून शिंपड." मला हसू येत होते, हे कबूल केले पाहिजे. सायकलला शुद्ध करून घेताना बघून कुणाला हसू येणार नाही? मग मामा दुरूनच म्हणाला, "जा बाबा, आपल्या सुतकातल्या लोकांत जा." आणि मी ओल्या धोतराने कुंभकोणची वाट धरली. ते हसू वाटेतच कुठेतरी गळून पडले.

रायरांच्या दारात मांडवाचे केळीचे खुंट काढून आडवे टाकले होते. रस्त्यापलीकडे चार माणसे उभी होती. सुतकाच्या घरात कोण शिरणार? मी उंबऱ्याशी थबकलो. आतून रायरांचा आवाज आला, "ये बाळ. आज या घरात तूच येऊ शकतोस."

ते मागच्या पडवीत जमिनीवर बसले होते. मला त्यांनी जवळ घेतले. त्याआधी त्यांनी माझा फक्त तळवा हातात धरला होता. माझे गुडघे बघून म्हणाले, "धावत आलास काय? पडलास?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली, ते त्यांनी बघितले नाही.

"नरसू तुजला आठवायचा नाही," ते म्हणाले. "आम्ही दोघे एका पाटीवर शिकलो. अर्धी त्याची, अर्धी माझी. याच नदीत त्याने मजला पोहायला शिकवलं. बायको गेली तसा काशीस निघून गेला. जाताना म्हणाला, सक्कूच्या लग्नाला येईन." एवढे बोलून ते रडायला लागले. मोठे माणूस आवाज न करता रडते तेव्हा बघणाऱ्याने काय करायचे असते, मला ठाऊक नव्हते. जिवंत माणसासाठी रडत होते ते, आणि पडवीतल्या आम्हां दोघांत ते फक्त मला ठाऊक होते.

सक्कूने मला पाणी आणून दिले. बारा वर्षांची पोर; दोन्ही तळहातांवर मरुदाणीचा, म्हणजे मेंदीचा, लाल रंग चांगला चढला होता. तांब्या खाली ठेवून ती हात पदराआड घेऊन उभी राहिली. तिच्या आईने केळीच्या पानावर भात वाढला. मी जेवायला बसलो. दुसऱ्यांदा भात घेतला. खोटे बोलणाऱ्याला भूक फार लागते.

मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी होता. मी तिथल्या तिथे 'तार खोटी आहे' एवढे तीन शब्द बोललो असतो, तर पहाटे देवक बसले असते आणि उन्हे वर येईस्तोवर सक्कूचे लग्न लागले असते. मला ते पक्के समजत होते. मी लहान होतो, मला कळले नाही, अशी सबब मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगून पाहिली; ती टिकत नाही. शाळेतून नाव कापले जाईल, अप्पा वेताने फोडून काढतील, गाव तोंडात शेण घालील, हे मला दिसत होते. तरी मी घास खाली ठेवला आणि म्हणालो, "रायर..."

"बोल, बाळ."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सक्कूसुद्धा.

"मीठ आहे?" मी म्हणालो.

"सुतकात मीठ नसतं, बाळ," रायर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच मुहूर्तावर पलीकडच्या गल्लीतल्या मुलीचे लग्न लागले. नागस्वरवाले रायरांनी ठरवलेले होते. "त्यांचा दिवस कशाला बुडवायचा?" म्हणून त्यांनीच त्यांना तिकडे पाठवले. पडवीत बसून आम्ही सगळी वाद्ये ऐकली.

अप्पा तंजावराहून परतले तेव्हा मी त्यांना सांगितले, की तार आली होती, शाळेची चिठ्ठी मीच तुमच्या नावाने लिहून दिली, पण तार गडबडीत हरवली. त्यांनी वेळ निघून गेलेल्या सुतकाचे स्नान केले आणि मला समजदार मुलगा म्हटले. इतक्या स्वस्तात समजदार मी पुन्हा कधी झालो नाही.

दिवाळीच्या आधी शाळेत काशीहून पार्सल आले. मी वर्गाचा मॉनिटर, हजेरीचे पुस्तक घेऊन रायरांच्या टेबलाशी उभा होतो. गंगेची सीलबंद तांब्याची लोटी आणि एक पत्र. रायरांनी पत्र वाचले. पुन्हा वाचले. नरसिंगरावांनी लिहिले होते, की पाय सुजल्यामुळे लग्नास येणे घडले नाही, सौभाग्यवती सक्कूस आशीर्वाद, तिला हे गंगोदक.

खोलीत आम्ही दोघेच. भिंतीवर बादशहाची तसबीर. रायरांनी पत्राची घडी घातली आणि मला विचारले, "चिठ्ठी ठेवून तू कुठं होतास?"

"सायकल शिकत होतो."

"आली?"

"नाही."

त्यांनी लोटी टेबलाच्या कडेला सरकवली. मग म्हणाले, "निदान ती तरी यायची होती."

मी रडायला लागलो. म्हणालो, मी सगळ्यांना सांगतो, हेडमास्तरांना सांगतो, अप्पांना सांगतो. त्यांनी हजेरीचे पुस्तक उघडून ज्येष्ठाचे पान काढले. माझ्या नावापुढे सुतकाच्या खुणा होत्या. "हे खोडलं तर तुझे दिवस भरत नाहीत," ते म्हणाले. "परीक्षेस बसता येणार नाही. आणि हेडमास्तरांस कळलं तर नाव कापतील. माझी एक घरी बसली आहे. दुसरं पोर कशाला बसवू? कोणास सांगू नको." त्यांनी पुस्तक मिटले.

त्यांची ही आज्ञा मी ज्या निष्ठेने पाळली, तशी आयुष्यात दुसरी कुठलीही पाळली नाही.

ठरलेल्या लग्नात मरण आणणारी पोर म्हणून सक्कूला पांढऱ्या पायाची म्हणू लागले होते. स्थळे दारापर्यंत यायची आणि चौकशी करून परत जायची. माघात रायरांनी तिला पुदुकोट्टैच्या एका पंचेचाळिशीच्या गृहस्थांना दिली. त्यांची ती तिसरी. मी त्या लग्नात पंगतीला पाणी वाढले. तीन वर्षांनी ती परत आली, डोक्यावरून विधवेचे लाल लुगडे ओढून. तेव्हापासून ती बापाशी बोलली नाही. एका घरात राहून, त्यांना वाढून, त्यांचे धुऊन, ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. आईला एकदा एवढेच म्हणाली, "यांनी सुतक पाळलं. मजला कोण पाळणार?" आईही पुढे गेली, मग घरात आवाजच उरला नाही.

मी परीक्षा पास झालो. मास्तर होऊन त्याच शाळेत आलो. रायरांचे टेबल माझ्या वर्गाबाहेरच. त्यांनी मला कधी त्या गोष्टीची आठवण दिली नाही, उलट नव्या पोरांना सांगत, "हे मास्तर लहानपणी फार गैरहजर असत, बघा कसे सुधारले." मला धरणी दुभंगावी असे वाटे, पण मी हसत असे. मी एकदा एका पोराला म्हणालो, "तुझा काका मेला हे कशावरून?" रायर बाहेरून उठून वर्गात आले, सगळ्या पोरांदेखत माझ्या हातातून ती चिठ्ठी घेतली आणि घेऊन गेले. एवढेच. त्यानंतर मीही कुणाला विचारले नाही.

नोकरी सुटल्यावरही दुपारी बाराला ते छत्री घेऊन शाळेच्या दारात यायचे आणि विचारायचे, "आज कोण नाही?" त्यांना कुणीतरी दोन-चार नावे सांगायचे. ते त्या गल्ल्यांतून फिरून यायचे. पाय चालेनासे झाले, तेव्हा शेवटले दोन महिने अंथरुणावर होते. मी जात असे. सक्कू त्यांना पेज भरवी. चमचा ओठांशी धरी आणि तोंड भिंतीकडे करी. रायर तिच्याकडे बघत असत. गेले त्या दिवशीही तसेच बघत गेले.

तेरावा झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. मनाशी म्हणत होतो, की आता निदान बापाचे नाव तिच्यापाशी स्वच्छ करावे. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळे सांगितले. सायकल, वंशावळ, मीठ, काशीचे पार्सल. तिने सूप खाली ठेवले नाही.

"तार आलीच नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"आणि माझ्या अप्पांना कळलं?"

"कळलं. दिवाळीत. पण मला वाचवण्यासाठी ते बोलले नाहीत. सारा दोष त्यांनी स्वतःवर घेतला, सक्कू. तुला हे ठाऊक असावं म्हणून..."

"दिवाळीत." तिचा हात थांबला. ती बोटांवर मोजू लागली, अगदी रायर मोजायचे तशी. "कार्तिक. मार्गशीर्ष. पौष. माघ."

चौथ्या बोटावर अंगठा ठेवून ती तशीच राहिली. तोपर्यंत, खरेच सांगतो, इतक्या वर्षांत मी हे मोजले नव्हते. मरण खोटे होते हे दिवाळीत चार माणसांना कळले असते, तर तिच्या पायांना कुणी पांढरे म्हटले नसते. दिवाळीत दोन पोरांतले एकच वाचवता येत होते, आणि रायरांनी शाळेतले वाचवले.

"माझ्यावर राग धर," मी म्हणालो. "त्यांच्यावर नको. चूक माझी."

तिने माझ्याकडे बघितले. पागोटे, मास्तरकीचा बंद गळ्याचा कोट, मांडीवर आडवी धरलेली छत्री, सगळे नीट बघितले.

"एवढा राग ठेवायला तुम्ही पुरायचे नाही, अण्णा," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.